बेचाळीस पिढ्या आणि एक अबोला

आमचे आजोबा रागावले की समोरच्याच्या बेचाळीस पिढ्यांचा उद्धार करत. मोजून बेचाळीस. एकेचाळिसाव्या पिढीवर त्यांचं समाधान होत नसे. एकदा असाच उद्धार रंगात आला असताना आजी आतून म्हणाली, "अहो, जरा बेतानं. त्या तुमच्याही आहेत." त्या दिवशी समोर उभा होता तो त्यांचा सख्खा थोरला भाऊ.

ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली आहे की ती मी डोळ्यांनी पाहिली असंच मला वाटतं. पाहिलेली नाही. माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची आहे. गंमत सांगून झाली, सगळे हसले, की गोष्ट तिथंच थांबायची. त्या दिवसानंतर ते दोघे भाऊ २२ वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत, हा पुढचा भाग कुणी सांगत नसे. तो आम्हा मुलांना तुकड्या-तुकड्यांनी, मोठ्यांच्या बोलण्यातल्या फटींमधून कळत गेला.

अबोला. हा शब्द मला लहानपणापासून विलक्षण वाटत आलाय. भांडण होतं, वाद पेटतो, पण अबोला धरावा लागतो. लहान मुलाचं बोट धरतात तसा. हात जरा सैल पडला की निसटतो, म्हणून रोज सकाळी उठून नव्यानं धरायचा. २२ वर्षं म्हणजे आठ हजार सकाळी. एवढी चिकाटी आमच्या घराण्यात दुसऱ्या कुठल्याही कामात कुणी दाखवल्याचं ऐकिवात नाही.

मला हे सगळं आठवायचं कारण गेल्या वर्षी मीही एक अबोला धरला. दादाशी. कारण सांगण्यासारखं नाही. गुप्त वगैरे काही नाही, पण सांगायला गेलं की तोंडातल्या तोंडात लहान होत जातं. आईच्या आजारपणात कुणी किती केलं, याचा हिशेब. असे हिशेब दोन वह्यांत कधीच जुळत नाहीत. आई बरी झाली, आम्ही दोघं झालो नाही. आईनं सुरुवातीला समजावून पाहिलं, मग एक दिवस म्हणाली, "खाण तशी माती," आणि तो विषयच सोडला.

ते वाक्य मला लागलं. दादाशी भांडले ते मी माझ्या जबाबदारीवर भांडले होते, असा माझा समज होता. आई म्हणत होती की हे भांडण मला आयतं मिळालंय.

म्हणून मी काकांकडून वंशावळीचा कागद मागून आणला.

पूर्वजांबद्दल विचारलं की काका नेहमी एकच म्हण फेकतात: नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये. आमच्यात ऋषी कुणीच नसल्यामुळे मी ती म्हण स्वतःला लागू करून घेतली नाही. कागद घडीवर विरलेला, कापडावर चिकटवलेला. नऊ पिढ्या. सगळ्यांत खाली एक नाव, त्यातून फांद्या, फांद्यांतून डहाळ्या, आणि प्रत्येक पानावर एकेक पुरुष. बाई एकही नाही. नऊ पिढ्या पुरुषांनी एकट्यानं कशा चालवल्या हे त्या झाडालाच माहीत. थोरल्या आजोबांच्या नावावर शाई सांडलेली. काका म्हणतात, अपघात. शाई बरोबर त्या एका नावापुरतीच सांडली आहे.

कागद समोर ठेवून मी हिशेबाला बसले. वडील आणि आई मिळून दोन. त्यांचे आईवडील चार. मग आठ, मग सोळा. आठ म्हणजे पणजोबा आणि पणज्या. इथे थांबून स्वतःलाच विचारावं: त्या आठांपैकी किती जणांची नावं येतात? मला पाच आली, तीही एका नावाबद्दल शंका ठेवून. ज्यांच्यातलं एक माणूस कमी असतं तर मी नसते, त्यातल्या तिघांची नावंसुद्धा मला ठाऊक नाहीत. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा. यापुढे भाषेलाही दम लागतो. दहा पिढ्या मागं गेलं की हा आकडा १,०२४ होतो. वीस पिढ्या मागं दहा लाखांच्या वर. आणि आजोबांच्या लाडक्या बेचाळीस पिढ्या घेतल्या तर सुमारे ४ लाख ४० हजार कोटी!

हा आकडा आल्यावर मी पेन खाली ठेवलं. आजवर पृथ्वीवर जन्मलेल्या सगळ्या माणसांचा अंदाज लोकसंख्येचे अभ्यासक काढतात, तो साधारण ११ हजार ७०० कोटींचा आहे. एका पिढीला पंचवीस वर्षं धरली तर बेचाळीस पिढ्यांपूर्वीचा काळ म्हणजे हजारेक वर्षांमागचा, आणि तेव्हा सगळ्या जगात मिळून तीसेक कोटी माणसं असावीत. मग माझे लाखो कोटी पूर्वज उभे तरी कुठे राहिले?

उत्तर सोपं आहे आणि जरा लाजवणारंही. तीच तीच माणसं पुन्हा पुन्हा मोजली जातात. मागं जावं तशा फांद्या एकमेकींत मिसळतात. एकच बाई एका वाटेनं माझी पंचविसावी पणजी असते, दुसऱ्या वाटेनं सत्ताविसावी, आणि शेजाऱ्याचीही असते. २००४ मध्ये डग्लस रोड, स्टीव्ह ओल्सन आणि जोसेफ चँग या तिघांनी 'नेचर' या नियतकालिकात याचं गणिती प्रारूप मांडलं होतं. आज जिवंत असलेल्या सगळ्या माणसांचा एक तरी समान पूर्वज अवघ्या काही हजार वर्षांपूर्वी होऊन गेला असावा, असं त्यांच्या गणितातून निघालं. त्याहून थोडं मागं गेलं तर अशी वेळ येते की तेव्हा जिवंत असलेला माणूस एक तर आज हयात असलेल्या सगळ्यांचाच पूर्वज असतो, नाहीतर कुणाचाच नसतो.

थोडक्यात, आजी आतून जे म्हणाली ते सख्ख्या भावापुरतं नव्हतं. कुणाच्याही पिढ्या काढत पुरेसं मागं जा, त्यात आपल्याही निघतात.

मात्र हे कळून माझा दादावरचा राग तसूभरही कमी झाला नाही. सगळं जग नात्यातलं आहे हे ज्ञान फार मोठं असतं आणि मोठं ज्ञान घरात उपयोगी पडत नाही. रक्ताचं म्हणावं तर त्यातही एक गोम आहे. आई आणि वडील आपापला निम्माच वाटा पुढे देतात, आणि तोही तुकड्यांनी. चौदा पिढ्यांमागे आपले १६,३८४ पूर्वज कागदावर निघतात, पण त्यातल्या बहुतेकांच्या डीएनएचा एक तुकडाही आपल्यात उरलेला नसतो. वंशावळीत नाव आहे, अंगात मागमूस नाही. 'आमच्या रक्तातच आहे हे' असं छाती फुगवून सांगणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

मग मी मार्गदर्शन कुणाकडून घ्यायचं?

पूर्वजांकडे बघायच्या आपल्या दोनच सवयी आहेत. एक तर हात जोडायचे, नाहीतर बोट दाखवायचं. त्यांच्यासारखी माणसं आता होत नाहीत, किंवा त्यांच्यामुळेच आमचं हे असं झालं. मला दोन्हींचा कंटाळा आलाय. पूर्वजांच्या यादीत शिरायची अट एकच होती: मूल व्हावं, आणि ते जगावं. ती अटही साधी नव्हती. इतिहासाच्या बहुतेक काळात जन्मलेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्मी मोठी होण्याआधीच जात. पण ती पार करायला चांगुलपणा लागत नव्हता, शहाणपण लागत नव्हतं. प्रेमळ माणसं त्यात आहेत तशी खडूसही आहेत, आणि बहुतेक जण आपल्यासारखेच, सकाळी बरे आणि संध्याकाळी चिडके. केवळ आधी जन्मले म्हणून त्यांच्या पावलावर पाऊल टाकायचं, हे मला पटत नाही. त्यातली काही पावलं सरळ खड्ड्यात गेलेली आहेत.

त्या कागदाकडे बघताना दुसरीही एक गोष्ट टोचत राहिली. वंशवृक्ष म्हणतो आपण, पण 'वंश' या शब्दाचा मूळचा अर्थ वेळू, म्हणजे बांबू. त्यावरूनच बासरी ही वंशी. आता बांबू काही झाडासारखा एका बुंध्यातून वर वर फांद्या फोडत जात नाही. त्याचं आडवं खोड जमिनीखाली असतं आणि नवा कोंब जुन्या काठीच्या शेजारून वर येतो. वेळूचं बेट असतं. कुठली काठी कुणाची हे वरून बघून सांगता येत नाही. ज्यानं कुळासाठी हा शब्द पहिल्यांदा वापरला त्याला बहुधा पेरांवर पेरं चढत जाणारी काठीच दिसली असेल. मला मात्र जमिनीखालचं ते आडवं खोड जास्त खरं वाटतं.

कारण त्या कागदावर जे नाहीत, ते सगळे तिथंच आहेत. आईची आई त्या झाडात कुठेच नाही. पण मुलगी आईच्या पोटात विसेक आठवड्यांची असते तेव्हा तिच्या इवल्या अंडाशयांत ६० ते ७० लाख बीजपेशी तयार झालेल्या असतात. म्हणजे ज्या एका पेशीपासून मी पुढे व्हायची होते, ती आई अजून जन्माला यायची होती तेव्हाच, आजीच्या पोटात, तयार होती. आजी चालली तशी ती चालली, आजी जागली तेव्हा ती जागली. माझ्या जन्माच्या पंचवीस वर्षं आधी मी त्या बाईच्या घरी काही महिने राहून आले, आणि नऊ पिढ्यांच्या कागदावर तिचं नाव नाही.

आत्याही नाही. आता ८६ वर्षांची आहे. तिला मूल नाही, म्हणजे व्याख्येप्रमाणे ती कुणाचीच पूर्वज होणार नाही. एका आकड्यात नाही, एका फांदीत नाही.

तिच्याकडे जायचं ठरलं ते एका प्रश्नावलीमुळे. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातले मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश या दोन मानसशास्त्रज्ञांनी मुलांना विचारायला वीस प्रश्न तयार केले होते. आईवडील एकमेकांना कसे भेटले ते माहीत आहे का? आजी-आजोबा कुठे वाढले? तुझं नाव कशावरून ठेवलं? तू जन्मलास तेव्हा काय काय झालं? ज्या मुलांना जास्त उत्तरं येत होती त्यांचा स्वतःवरचा विश्वास जास्त होता, आणि आपल्या आयुष्यावर आपला काही ताबा आहे असंही त्यांना अधिक वाटत होतं. कौतुक वाटलं तरी माझ्या डोक्यात लगेच शंका आली: उत्तरं पाठ करून घेतली की मूल खंबीर होतं का? तसं नाहीच. ड्यूकनीच बजावून ठेवलंय की उत्तरांत जादू नाही. ज्या घरात अशा गोष्टी पुन्हा पुन्हा सांगायला कुणाला वेळ असतो, ऐकायला कुणी बसतं, तिथं मुलांना त्या आपोआप ठाऊक असतात. आणि त्यांच्या पाहण्यात आलं की 'आम्ही शून्यातून वर आलो' किंवा 'आमचं सगळं गेलं' या गोष्टींपेक्षा वर-खाली होणारी गोष्ट मुलांना जास्त बळ देते. बरे दिवस आले, मग वाईट आले, मग पुन्हा जरा सावरलो, अशी.

त्या विसांत एक प्रश्न असा आहे: न हसल्यामुळे ज्याचा चेहरा कायमचा आंबट होऊन बसला असा तुमच्या घराण्यात कुणी आहे का? हा प्रश्न वाचला आणि मला आजोबांचा फोटो आठवला. मी मुलाला हाक मारली. तेरा वर्षांचा आहे, फोन त्याच्या हातातच असतो. म्हटलं, चल, आत्याआजीचं रेकॉर्डिंग करायचंय.

मी प्रश्न लिहून नेले होते. आत्यानं कागद घेतला, चष्मा न लावता बघितल्यासारखं केलं आणि उशीखाली सारला. "तुला अण्णा आणि तात्यांचं विचारायचंय ना? मग तेच विचार."

अण्णा म्हणजे तिचे वडील, माझे आजोबा. तात्या म्हणजे थोरले. अबोल्याचं कारण काय होतं? काकांकडे या प्रश्नाचं उत्तर एक शिडी आहे, नेली आणि परत दिली नाही. आईनं आजीकडून ऐकलेलं उत्तर वेगळं, कुणाच्या तरी मरणाच्या वेळी बोलून गेलेला एक शब्द. आत्या म्हणाली, "कारण मला काय ठाऊक? मी नऊ वर्षांची होते. मला फक्त निरोप ठाऊक."

घर एकच होतं. खाली अण्णा, वर तात्या. बोलायचं नाही, पण एका छपराखाली राहायचं म्हणजे सांगण्यासारखं रोज काहीतरी निघतंच. किल्ली कुठेय, पाहुणे कुणाकडे उतरणार, पाणी कुठून गळतंय. ते सगळं आत्याकरवी जायचं. "मी टपाल होते," ती म्हणाली. "चौदा पायऱ्या होत्या. पहिल्या चारांत निरोप पाठ करायचा. मधल्या सहांत त्यातलं काय काढून टाकायचं ते ठरवायचं. आणि शेवटच्या चारांत तोंड सरळ करायचं."

मी म्हटलं, "काढून टाकायचं?"

"मग काय तसाच्या तसा द्यायचा? अण्णा म्हणायचे, जा, सांग त्याला, छप्पर काय त्याच्या एकट्याच्या बापाचं नाही. मी वर जाऊन म्हणायचे, तात्या, अण्णा विचारतायत, तुमच्याकडंही गळतंय का? तात्या म्हणायचे, म्हणावं, डोळे फुटलेत का, येऊन बघ. मी खाली येऊन सांगायचे, तात्या म्हणतायत, एकदा येऊन बघून जा."

"आणि आजोबा जायचे?"

"छे. पण दुसऱ्या दिवशी माणूस बोलावून छप्पर नीट करायचे. दोघांचंही."

ती खोटं बोलत होती, वर्षानुवर्षं, दिवसातून दोन-तीनदा. नऊ वर्षांच्या मुलीला हे कुणी शिकवलं नव्हतं. लग्न होऊन गेल्यावर काय झालं, असं मी विचारलं. म्हणाली, "माहेरी आले की साठलेले निरोप द्यायचे. तोवर त्यातले निम्मे शिळे झालेले असायचे. शिळा राग हलका असतो."

२२ वर्षांनी तात्या अंथरुणाला खिळले. अण्णा एका दुपारी कुणाला न सांगता त्या चौदा पायऱ्या चढले. आत्या तेव्हा घरात होती, दाराआड उभी राहिली. बराच वेळ आतून काहीच ऐकू येईना. मग तात्या म्हणाले, "तुझे निरोप बरे असायचे." अण्णा म्हणाले, "तुझेही."

आत्या एवढं सांगून थांबली. मी विचारलं, "मग तू आत जाऊन सांगितलंस की नाही?"

"कशाला?" ती म्हणाली आणि उशी सारखी करू लागली.

त्या घराण्यातून मी काय घ्यायचं याचा गेले कित्येक दिवस विचार करत होते, आणि नजर सारखी त्या दोन भावांवर खिळलेली. एकाचा ताठा दुसऱ्याच्या ताठ्यावर रेललेला, आणि मी म्हणजे त्यांच्या मातीचा पुढचा घडा. जिन्यावरच्या मुलीकडे माझं लक्षच नव्हतं. तिच्याकडे ना वारसा, ना अधिकार, ना भांडणात बाजू. तिला भांडण मिटवता येणार नव्हतं आणि तिनं तसा प्रयत्नही केला नाही. ती फक्त मधल्या सहा पायऱ्या वापरत होती. माझ्या हातात आलेला अबोला आजोबांचा असेल तर असो. जिनाही त्याच घरातला होता.

घरी परतताना मुलगा गप्प होता. मला वाटलं कंटाळला असेल. म्हाताऱ्या माणसांच्या दीड तासाच्या बोलण्यात त्याला काय रस असणार? खूप वेळानं त्यानं एवढंच विचारलं, "चौदाच पायऱ्या होत्या का?" म्हटलं, ती म्हणते तर असतील.

मी दादाला फोन केला नाही. इथे खोटं लिहायचं नाही म्हणून लिहिते. दोनदा नंबर काढला, दोनदा ठेवून दिला. माणसाला कळणं आणि वळणं यांच्यामधलं अंतर चौदा पायऱ्यांपेक्षा जास्त असावं. वंशावळीच्या कागदावर मात्र पेन्सिलनं काही नावं घातली: आजी, पणजी, आत्या. काकांना अजून दाखवलेला नाही. आत्याचं नाव कुठल्या फांदीला जोडायचं ते कळेना, म्हणून शाईच्या त्या डागाच्या आणि आजोबांच्या नावाच्या मधल्या मोकळ्या जागेत लिहिलं. तिथं नेमकं बसलं.

दोन महिन्यांनी एका संध्याकाळी मुलगा माझ्या दारात येऊन उभा राहिला. "मामाचा फोन होता," तो म्हणाला. मामा-भाच्याचं आमच्या अबोल्यात कधीच काही बिघडलेलं नव्हतं, त्यांचे फोन चालूच असत. "म्हणाला, आईला सांग, जमलं तर रविवारी फोन कर."

जमलं तर. मी दादाला जन्मापासून ओळखते. 'जमलं तर' हा शब्द त्याच्या तोंडून मी कधी ऐकलेला नाही. आमच्या घरात कुणाच्याच तोंडून नाही. मी मुलाकडे बघितलं. तो फोनकडे बघत होता, चेहरा अगदी सरळ.

"मग मामाला काय सांगू?"

मी जे म्हणाले ते जरा तिखटच होतं. तो "बरं" म्हणाला आणि त्याच्या खोलीकडे वळला. आमच्या घरात जिना नाही, चार पावलांवर त्याची खोली आहे. पण तो रमतगमत गेला.